बाबांचे हात कुठल्या दालनात आहेत?

व्यवस्था ठेवावी तर मी! हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण जे सांगत फिरायचे ते बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. ते गेले त्या दिवसाची व्यवस्थाही मीच बघितली होती. कोणी कोणाला फोन करायचा, कोण कोणाच्या गाडीत बसणार, कोणत्या मावशीला कोणत्या काकूच्या शेजारी अजिबात बसवायचं नाही, सगळं ठरलेलं. इतकं चोख की निघताना बाबांचा एक जुना मित्र माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "कार्यक्रम फार छान झाला हं!" मग त्याने जीभ चावली. मी म्हटलं, "थँक्यू." मग मीही चावली.

अशा बाईला घरातली चार माणसं शहरातल्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात नेऊन आणायची म्हणजे अगदी हातचा मळ! निदान मला तसं वाटलं.

पण आधी आम्ही तिथे कशाला निघालो होतो ते सांगते. आम्हाला पुतळे बघायचे नव्हते. आम्हाला बाबांचे हात बघायचे होते.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, पुढ्यात पांढरं कापड, आणि त्यावर एखाद्या घड्याळाचं सगळं आतडं काढून मांडलेलं. एकदा संग्रहालयाचा मूर्तिकार आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आला. त्याच्याकडे एका नामवंत व्हायोलिनवादकाचा पुतळा अर्धवट पडून होता. डोकं तयार, कोट तयार, हातांचा पत्ता नाही. मोठ्या माणसांना प्लास्टरमध्ये हात घालून बसायला वेळ नसतो, म्हणून त्यांच्या पुतळ्यांना हात दुसऱ्याच कोणाचे तरी लावतात, अशी त्या धंद्याची रीतच आहे. हा वादक तर तोवर वारलाही होता. मूर्तिकाराने बाबांच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग पाहिली आणि तो स्वतःचं घड्याळ विसरून त्यांच्या बोटांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानातच दोन्ही हात प्लास्टरमध्ये खुपसून बसले. नेमकं तेव्हाच त्यांचं नाक खाजायला लागलं! प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नाही असा हुकूम. शेवटी नाक खाजवायला आईला घरून बोलावून घ्यावं लागलं.

त्यानंतर आमच्या घरी आलेला एकही पाहुणा ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटला नाही. पण "चला, एकदा जाऊन बघून येऊ" म्हटलं की बाबा हात पुढे करून दाखवायचे. "हे काय! माझे माझ्यापाशी आहेत. तिकीट काढून कशाला बघू?"

शेवटी ते त्यांच्यापाशीही राहिले नाहीत. दवाखान्यात बाबा नाकातल्या नळ्या उपसून काढायचे, म्हणून त्यांच्या हातांना जाड कापडाच्या पिशव्या घातल्या होत्या, मनगटाशी गाठ मारून. आई शेजारी बसून त्या पिशव्या धरायची. आत काहीतरी हलायचं. पिशव्या सोडल्या तेव्हा आतून निघालेले हात सुयांनी सुजलेले, काळेनिळे, दुसऱ्याच कोणाचे तरी होते. आणि ते हलत नव्हते.

एके दिवशी सकाळी गॅसपाशी उभ्या उभ्या, मागे वळून न बघता आई म्हणाली, "ते मेणाचे हात अजून असतील का गं तिथे? एकदा धरायचे होते."

माझ्या आईने आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. चहासुद्धा ती "करणार असलात तर" असं म्हणून घेते. मी तिथल्या तिथे फोन उचलला!

संग्रहालयातल्या बाईचा आवाज गुलाबपाण्यासारखा होता.

"तुमच्याकडे तो व्हायोलिनवादकाचा पुतळा आहे ना?"

"आहे ना, मॅडम! पहिल्या मजल्यावर, अगदी मध्यभागी."

"त्याचे हात माझ्या वडिलांचे आहेत."

पलीकडे गुलाबपाण्याला एकदम भरून आलं. "मॅडम, तुम्ही त्यांची मुलगी?"

"हो, म्हणजे हातांची. हात माझ्या वडिलांचे."

"हो हो, मॅडम. हात, चेहरा, सगळंच तुमच्या वडिलांचं!"

"नाही, चेहरा नाही. फक्त हात."

"समजू शकते मी, मॅडम. माझे वडील गेले तेव्हा मलाही त्यांच्या फोटोकडे बघवत नव्हतं. कधी येताय?"

आता या बाईला कसं समजवायचं? मी म्हटलं, जाऊ दे, प्रत्यक्षच सांगू. "आईला ते हात हातात घ्यायचे आहेत. चालेल का?"

"मी साहेबांना विचारून कळवते!"

फोन ठेवला तर धाकटा भाऊ दारात उभा. माझा हा धाकटा कुठल्याही गोष्टीत आधी चूक शोधतो आणि ती सापडली की मग त्याला जेवण जातं.

"ताई, मेण आहे ते. मेण! मेणबत्ती धरल्यासारखं होईल तिला."

"मग तू येऊ नकोस."

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

"म्हणजे मला यायलाच हवं," तो म्हणाला आणि आत गेला.

राहिली आत्या. बाबांची मोठी बहीण. तिला सांगायचं नाही असं माझं पक्कं ठरलं होतं. पण आमच्या घरी दूध उतू गेलं तरी आत्याला तिच्या घरी वास येतो! संध्याकाळी ती दारात हजर.

"मला वगळलंत? मला? अगं, ते हात पाळण्यात होते तेव्हापासून बघितलेत मी! बोट धरून चालायला कोणी शिकवलं त्याला? तुझ्या आईने?"

आई आतून म्हणाली, "या ना वन्सं तुम्हीही. मी कुठे नको म्हणतेय!"

"येणारच! मला ओळखायला कष्ट नाही पडायचे. उजव्या हातावर तीळ आहे त्याच्या."

"तीळ नव्हता, वन्सं. शाईचा डाग होता तो."

"मला शिकवू नका, वहिनी. जन्मापासूनचा तीळ आहे तो!"

"जन्मापासूनचा असेल. लग्नानंतर मी धुतला."

आत्याने पुढची दहा मिनिटं फक्त माझ्याशी बोलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गुलाबपाण्याचा फोन! "मॅडम, आनंदाची बातमी! संचालक साहेब स्वतः तुमच्या स्वागताला येणार आहेत. छोटासा कार्यक्रम ठेवलाय."

"कार्यक्रम? तो कशाला?"

"असं कसं, मॅडम! एवढ्या मोठ्या कलावंताचं कुटुंब येणार आणि कार्यक्रम नाही?"

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही मंडळी आम्हाला व्हायोलिनवाल्याचं कुटुंब समजत होती! खरं सांगायला मी तोंड उघडलंही. "अहो, त्याचं असं आहे की..."

"आणि मॅडम, तुमच्या आईंचं कामही झालंय. दोरीच्या आत जाऊन पुतळ्याला हात लावायची परवानगी फक्त सख्ख्या कुटुंबीयांना असते, तीही साहेबांच्या सहीने. सही झाली! हं, बोला, तुम्ही काय म्हणत होतात?"

मी तोंड मिटलं. "वेळ काय ठेवलीय, ते विचारत होते."

तुम्ही काय केलं असतं? मला तरी गॅसपाशी उभी असलेली आईची पाठ दिसत होती.

जायच्या दिवशी मी गाडीत सगळ्यांना सूचना दिल्या. धाकटा चालवत होता, कारण मी चालवणार म्हटल्यावर तो चाव्या घेऊन आधीच जाऊन बसला होता.

"तिथे कोणी काही बोलायचं नाही. काही विचारलं तर फक्त मान हलवायची."

"कशी?" धाकट्याने विचारलं.

"वर-खाली."

"म्हणजे आपण खोटं बोलणार."

"खोटं नाही. मान हलवणार."

आत्या मागून कडाडली, "आणि मी? मी त्या वाजंत्र्याची बहीण व्हायचं?"

"दहाच मिनिटं, आत्या."

"एका मिनिटाची होणार नाही! मी काय भाड्याने मिळणारी बहीण आहे?"

"आत्या, तू कबूल केलं नाहीस तर आईला हात धरता येणार नाहीत. आणि तुलाही."

आत्याने खिडकीबाहेर तोंड वळवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मोठी बहीण की धाकटी?"

आईने चांगली साडी नेसली होती आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखे.

संग्रहालयाच्या दारात पोचलो तर काय! लाल गालिचा! दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायला शाळेची एक अख्खी सहल धरून उभी केलेली. पोरांचे चेहरे असे की यापेक्षा गणिताचा तास परवडला. एक कॅमेरावाला. आणि मध्ये संचालक, हातात फ्लॉवरसारखा दिसणारा गुच्छ घेऊन. त्यांच्या कोटाचं बटण इतकं ताणलेलं होतं की ते सुटलं तर समोरच्याचा डोळा जाईल अशा भीतीने मी जरा बाजूलाच उभी राहिले.

"या, या! हा आमच्या संस्थेचा भाग्याचा दिवस!" मग त्यांची नजर धाकट्यावर गेली आणि ते दोन पावलं मागे सरकले. "अरे वा! नाक बघा! नाक! तसंच्या तसं!"

धाकट्याने घाईघाईने मान वर-खाली केली आणि मग नाक चाचपून बघितलं.

संचालक आईकडे वळले. "बाई, ते घरी रियाज किती वेळ करायचे?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून दाखवली. पण माझ्या आईला खोटी मान हलवता येत नाही. ती म्हणाली, "घरी काही करायचे नाहीत. सगळं दुकानात."

"दुकानात?"

"घरी आणलं की छोटे छोटे भाग हरवायचे."

मी घामाने निथळले! पण संचालकांनी डोळे मिटले. "वा! छोटे छोटे भाग! ऐकलंत, मुलांनो? एकेका सुरासाठी ही माणसं अशी जपायची! टाळ्या!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग आत्याला राहवेना. "लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडून बसला होता तो! सगळा खिळखिळा केला. मी आडवी पडले म्हणून मार वाचला त्याचा."

"संगीताचं वेड!" संचालक गहिवरले. "सूर कुठून येतात ते शोधत होते ते! टाळ्या!"

"नंतर जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले," आत्या म्हणाली, पण ते टाळ्यांत बुडालं. आत्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. तिच्या भावासाठी आयुष्यात पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवत होतं. ती गुच्छ घेऊन थेट कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. भाड्याने!

मला हसू येत होतं आणि राग येत होता. बाबांनी आयुष्यभर शहराची घड्याळं चालती ठेवली आणि त्यांच्या दुकानाचं शटर शेवटचं खाली ओढलं तेव्हा समोरच्या झेरॉक्सवाल्याने फक्त विचारलं होतं, "गाळा देताय का?" आणि इथे ज्याला आम्ही ओळखतही नाही त्याच्या नावाने गालिचा!

पण म्हटलं, असू दे. एकदा आईच्या हातात हात पडला की झालं.

पहिल्या मजल्यावर मधोमध तो उभा होता. काळा कोट, मान तिरकी, हनुवटीखाली व्हायोलिन. कुठून तरी बारीक संगीत सोडलेलं. संचालकांनी स्वतःच्या हाताने मखमली दोरी सोडली. "बाई, या. संकोच करू नका."

आई आत गेली. तिने चष्मा नीट केला, वाकली आणि बघत राहिली. मीही बघितलं. लांबसडक, पांढरीशुभ्र, निमुळती बोटं. नखांना चमक. त्या बोटांनी चिमट्यात स्प्रिंग धरणं सोडाच, साधं शेंगदाण्याचं टरफलही सोललेलं नसावं.

आई सरळ झाली. "हे नाहीत."

संचालक चकित! "ओळखलंत? कमाल आहे! अहो, गेल्याच वर्षी नवे बसवले. जुने हात फार... आता कसं सांगू तुम्हाला... आखूड होते. जाडसर. एखाद्या कामगाराचे असावेत तसे. लोक तक्रार करायचे. तुमच्या वडिलांना शोभत नव्हते हो ते!"

शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या वडिलांचे हात माझ्या वडिलांना शोभत नव्हते, असं एक माणूस मला तोंडावर सांगत होता आणि मला मान वर-खाली करायची होती. मी केली! शाळेत खाल्लेली छडी इतकी लागली नव्हती.

आत्याने मात्र गुच्छ काखेत मारला. "काय म्हणालात? कामगाराचे?"

मी तिच्या दंडाला कचकन चिमटा घेतला आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "मग ते जुने हात कुठे गेले?"

"आमच्याकडे काही वाया जात नाही, मॅडम. तळघरात गुन्हेगारांचं दालन आहे. तिथे चालतात तसले हात."

"नक्की कोणाला लावलेत?"

संचालकांनी छताकडे बघितलं. "बहुधा विषवाल्याला. हो, विषवाल्यालाच. पण तुम्हाला ते कशाला? चला, चहा ठेवलाय!"

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "आई कुठे गेली?"

आई जिना उतरत होती. गुडघे दुखतात म्हणून घरात एक पायरी असेल तरी भिंत धरणारी माझी आई कठडा न धरता खाली निघाली होती! आम्ही तिच्यामागे धावलो. संचालक वर "चहा! चहा!" करत राहिले.

तळघरात अंधार. लाल दिवे. थोड्या थोड्या वेळाने भिंतीतून एक बाई किंचाळायची, टेप लावलेली. गळा दाबणारा, दरोडेखोर, बँक बुडवणारा अशा ओळीने पुतळे. टोकाला विषवाला. साधा, टक्कल पडलेला, शेजारच्या घरात राहत असावा असा माणूस. खुर्चीत बसलेला, उजव्या हातात पेला पुढे केलेला, डावा हात गुडघ्यावर. हात आखूड होते. जाडसर होते.

आई दोरी ओलांडून गेली आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने तो गुडघ्यावरचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले.

भिंतीतली बाई किंचाळली. आई हललीसुद्धा नाही.

जरा वेळाने तिने डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "या, वन्सं. तुम्हीही धरा."

आत्या एवढी मोठी, तोंडाची फटकळ बाई. पण तशीच खाली बसली आणि तो डावाच हात गालाला लावून हमसून हमसून रडायला लागली. "हा बघा तीळ! वहिनी, हा बघा! मी सांगत नव्हते?"

"हो, वन्सं," आई म्हणाली. "तुमचंच खरं."

धाकटा "मेण आहे ते" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तो पुढे झाला, विषवाल्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि असा काही रडला की त्याची पाठ पिस्टनसारखी वरखाली व्हायला लागली. मला पेल्याचा हात मिळाला. पेल्यासकट मी तो धरला आणि विषवाल्याच्या कानाशी लागले. मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बाबांना सांगायचं राहून गेलेलं होतं, इतकंच. बरंच होतं. सांगून झाल्यावर अंगातला जीवच गेल्यासारखा वाटला आणि आम्ही सगळे तसेच निपचित पडून राहिलो, कोणी खांद्यावर, कोणी गुडघ्यावर, कोणी पायाशी.

आणि त्याच वेळी शाळेची सहल तळघरात उतरली. त्या लाल अंधारात आम्हाला ओळखणार कोण?

"मुलांनो," शिक्षिकेचा आवाज आला, "हा बघा विष देऊन मारणारा. आणि ही बघा, त्याने मारलेली माणसं! एकाच कुटुंबातली असावीत. किती हुबेहूब केलंय! त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावरची वेदना बघा."

म्हातारी बाई म्हणजे आत्या! मी तिला डोळ्यांनी विनवलं, हलू नकोस.

"बाई, हात लावू?"

"लावायचा नाही. लांबून बघ."

पण एका पोरीने दोरीखालून बोट घातलंच आणि आत्याच्या गालावर टोचून बघितलं. "बाई, मऊ आहे!"

आत्याने आयुष्यात कोणाचं बोट सहन केलं नाही. तिने डोळे उघडले आणि गरजली, "मऊ आहे? थांब, तुला दाखवते मऊ!"

पुढे जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण अंधारात धड दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. भिंतीतल्या बाईची किंकाळी त्यात कुठल्या कुठे गेली! पोरं जिन्याकडे, शिक्षिका पोरांच्या पुढे, धाकटा दचकून उठला तो विषवाल्याला घेऊन दरोडेखोरावर, दरोडेखोर बँक बुडवणाऱ्यावर. दिवे लागले. शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला.

"पुतळ्याला हात लावायचा नाही! बाहेर या! बाहेर!"

"परवानगी आहे आम्हाला," मी म्हटलं. "साहेबांची सही आहे."

"ती वरच्या मजल्याची! गुन्हेगारांना लागू नाही!" मग तो आईला म्हणाला, "आजी, सोडा त्याला."

आईने डावा हात अजून धरलेलाच होता. विषवाला आडवा झाला होता, हात मात्र तिच्याकडे होता. "सोडते हो," ती म्हणाली. "जरा थांबा. यांचं होऊ दे."

मागच्या दाराने आम्हाला बाहेर काढलं. जाताना ना गालिचा ना टाळ्या. जिथे कचऱ्याचे डबे ठेवतात त्या बोळात आम्ही उभे. धाकटा नाक पुसत गाडी आणायला गेला. आत्या कोपऱ्यावर पाण्याची बाटली घ्यायला गेली. रडून तिचा घसा बसला होता, ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. मी आणि आई भिंतीकडेच्या बाकावर बसलो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. गोंधळ झाला खरा, पण आईला हवं होतं ते मिळालं ना!

"बरं वाटलं ना, आई?"

आई नखाने बोटांवरचं मेण खरवडत होती. "तुम्हाला वाटलं ना?"

"आमचं जाऊ दे. तुला?"

"ते त्यांचे नव्हते गं."

मला आधी कळलंच नाही. "कोणते?"

"ते हात. त्यांचे नव्हते ते."

"तुला कधी कळलं?"

"धरल्याबरोबर."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे?" आईने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी तिला तिच्याच घराचा पत्ता विचारला होता. "नव्हते."

"मग सोडून का नाही दिलेस? आत्याला कशाला बोलावलंस? एवढा वेळ तिथे जमिनीवर, गुडघे दुखत असताना..."

"तुझी आत्या घरी रडली नव्हती. हा रडला नव्हता. तू तर नाहीच. म्हटलं, कोणाचे का असेनात, हात तर आहेत. होऊ दे एकदाचं." मग म्हणाली, "वन्संना सांगू नकोस हं."

बोळाच्या तोंडाशी गाडी आली. आई उठली, साडी झटकली. मी विचारलं, "मग बाबांचे कुठे असतील?"

"असतील कोणाकडे तरी. कामात असतील," ती म्हणाली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली.

तर अशी ही सहल. आईला जे धरायचं होतं ते मिळालं नाही, आणि मला बाबांना जे सांगायचं होतं ते मी एका विष पाजणाऱ्या माणसाच्या कानात सांगून बसले आहे. घरी आल्यावर बाबांच्या फोटोसमोर उभं राहून पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण एकदा सांगून झालेलं दुसऱ्यांदा तसं येत नाही. राहू दे आता त्याच्याकडेच. माणूस वाईट आहे, पण विश्वासाचा वाटला. त्याच्या खुर्चीखालच्या पाटीवर स्पष्ट लिहिलंय, याने शेवटपर्यंत पोलिसांपुढे तोंड उघडलं नाही.